नॉर्वेतलं वेमोर्क पॉवरहाऊस: जड पाण्याआधी साधं पाणी बघा

आज गुरुवार, वारज्यात सकाळी दहापासून लाईट नाहीये, मेंटेनन्सचा दिवस, मोबाईलमध्ये थोडी बॅटरी आहे तेवढ्यात हे लिहून काढते, कारण गेले तीन आठवडे सोसायटीतले, ऑफिसातले आणि आमच्या अलोऱ्याच्या जुन्या कॉलनीच्या ग्रुपवरचे सगळेजण एकच विचारतायत की एवढं नॉर्वेला गेलात आणि तिथे पॉवरहाऊस काय बघत बसलात.

तर बाबांसाठी गेलो. बाबा कोयना प्रकल्पात ऑपरेटर होते, १९७४ ला लागले, पोफळीच्या भूमिगत पॉवरहाऊसला आयुष्यभर शिफ्ट केल्या, शेवटची काही वर्षं चौथ्या टप्प्यावर. आम्ही भावंडं अलोऱ्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. आता बाबा ७४ वर्षांचे आहेत, आमच्याकडे पुण्यातच असतात, आणि अजूनही लाईट गेली की आधी घड्याळ बघतात, आली की परत बघतात, आणि मधली मिनिटं मनात कुठेतरी लिहून ठेवतात. धाकटा भाऊ ऑस्लोला नोकरीला आहे, तो म्हणाला जूनमध्ये या, बाबांना घेऊनच या. इथल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला मी सहज विचारलं होतं की र्युकान, म्हणजे वेमोर्कजवळचं गाव, करता येईल का, तर तो म्हणाला मॅडम तिथे काही नाही, फ्योर्डची क्रूझ घ्या, सगळे तीच घेतात. क्रूझ पण केली आम्ही, छान आहे, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी वेमोर्कबद्दल लिहिते.

आधी थोडक्यात की हे आहे काय. वेमोर्क म्हणजे दक्षिण नॉर्वेत टेलेमार्क भागात र्युकान गावाच्या वरच्या अंगाला, दरीच्या कडेवर बांधलेलं दगडी जलविद्युत केंद्र. मोना नावाची नदी आहे, ती वर मोसवात्न तलावातून निघते आणि खाली टिन्शो नावाच्या प्रचंड खोल तलावाला मिळते. मधल्या अरुंद दरीत ती एवढी झपाट्याने खाली येते की ते पाणी डोंगरातून बोगद्याने वळवून, पाइपांतून सुमारे ३०० मीटर खाली सोडून इथे वीज केली. केंद्र १९११ ला सुरू झालं तेव्हा ते जगातलं सगळ्यात मोठं वीजकेंद्र होतं, १०८ मेगावॅट. १९७१ ला डोंगराच्या पोटात नवीन केंद्र चालू झालं आणि हे जुनं बंद केलं, १९८८ पासून इथे संग्रहालय आहे, त्याच्या नावाचा अर्थ नॉर्वेजियन औद्योगिक कामगार संग्रहालय असा होतो. २०१५ ला र्युकान आणि नोटोडेन ही दोन्ही गावं मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

ऑस्लोहून गाडीने साधारण तीन तास लागतात. रस्ता काँग्सबर्ग, नोटोडेन असा जातो, नोटोडेनच्या थोडं पुढे हेडालचं जुनं लाकडी चर्च आहे, नॉर्वेतल्या तशा चर्चमध्ये सगळ्यात मोठं, दहा मिनिटं थांबाच. नंतर तलावाच्या कडेकडेने रस्ता, आणि मग दोन्ही बाजूंनी डोंगर असे जवळ येतात की मला ताम्हिणीची आठवण आली, फक्त इथे झाडी वेगळी आणि वर जूनमध्येही बर्फाचे पट्टे. समोर गाउस्टाटोपन, १८८३ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशे-अडीचशे मीटर उंच फक्त, पण दिसतो कसला.

गाडी पुलाच्या अलीकडे लावायची, झुलत्या पुलावरून दरी ओलांडायची आणि मग चढण. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी सांगते, चढण अवघड नाही पण आहे, बाबांनी तीन ठिकाणी थांबून पार केली, आणि खरं सांगायचं तर त्यातली दोन थांबणी गुडघ्यांसाठी नव्हतीच, पाइप बघण्यासाठी होती. इमारतीच्या मागे डोंगरावरून ते जाडजूड पेनस्टॉक, म्हणजे पाणी आणणारे पाइप, ओळीने सरळ खाली येताना दिसतात. बाबा रेलिंगला धरून उभे, मान वर, आणि म्हणाले, "अगं हे बघ, आपल्याकडे हे सगळं डोंगराच्या आत आहे म्हणून तुम्हा पोरांना कधी कळलंच नाही मी काय करतो ते. इथे उघड्यावर आहे. पाणी वरून येतं, खाली जातं, बास, एवढंच काम."

आणि मग आत, मशीन हॉल.

इथे मला जरा सावकाश लिहू द्या कारण माझ्या मते पूर्ण प्रवासातली ही एकच जागा आहे जिच्यासाठी मी परत जाईन. लांबच लांब हॉल, उंच खिडक्या, आणि एका ओळीत दहा युनिट्स, म्हणजे टर्बाइन आणि जनरेटर मिळून एकेक मशीन. आर्किटेक्ट ओलाफ नूरहागेन, आणि तुम्ही आत गेल्यावर तुम्हाला वाटणारच नाही की हा कारखाना आहे, एखाद्या देवळाच्या सभामंडपात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना तसं होतं. जनरेटर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची चाकं असल्यासारखे उभे आहेत, कारण शाफ्ट, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, आडवा आहे. पोफळीला शाफ्ट उभा, वर जनरेटर, खाली टर्बाइन, त्यामुळे ऑपरेटरला मशीनचा फक्त डोक्याचा भाग दिसतो. इथे अख्खं मशीन आडवं पडून समोर. बाबा पहिल्या युनिटपासून दहाव्यापर्यंत चालत गेले, मग परत आले, मग चौथ्यापाशी थांबले, आणि थांबले ते थांबलेच.

आमची गाईड एक कॉलेजातली मुलगी होती, सुट्टीत काम करणारी असावी, इंग्लिश अगदी छान. तिने सांगायला सुरुवात केली की ही पेल्टन टर्बाइन्स आहेत, आणि भावाने तिला सांगितलं की आमचे वडील पेल्टनवरच काम करायचे भारतात, तर ती चक्क थांबली आणि म्हणाली मग त्यांनाच सांगू दे. बाबा मराठीत बोलणार, भाऊ भाषांतर करणार, आणि आजूबाजूचे सात-आठ परदेशी लोक उभे राहून ऐकणार, असा पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम झाला. मी व्हिडिओ केलाय, कॉलनीच्या ग्रुपवर टाकलाय.

बाबांनी जे सांगितलं ते इथे लिहिते कारण मलाही पहिल्यांदाच नीट कळलं. पेल्टनमध्ये पाणी चाकाला बुडवत नाही, चाक हवेत फिरतं आणि नोझलमधून पाण्याची धार बाजूने येऊन त्याच्या वाट्यांवर आपटते. प्रत्येक बकेट म्हणजे दोन वाट्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मधे धारदार कडा, धार त्या कडेवर पडून दोन भागांत फुटते आणि जवळजवळ उलट दिशेला वळून बाहेर पडते, म्हणजे पाण्यात होता नव्हता तेवढा जोर चाकाला देऊन पाणी खाली अक्षरशः थकून पडतं. ३०० मीटरच्या हेडला, म्हणजे पाणी तेवढ्या उंचीवरून आलं तर, धारेचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातो, हा हिशेब बाबांनी तिथेच तोंडी केला आणि भावाने मोबाईलवर तपासला, बरोबर. पोफळीला हेड याहून जास्त, त्यामुळे तिथे धार अजून जोरात. आणि मग बाबा म्हणाले की लोड एकदम गेला, म्हणजे लाईन ट्रिप होऊन वीज घेणारंच कोणी उरलं नाही, तर नोझल पटकन बंद करता येत नाही, केलं तर पाठीमागच्या शेकडो मीटरच्या पाइपातलं पाणी धडकून पाइप फोडेल, म्हणून धारेच्या तोंडाशी एक डिफ्लेक्टर येतो, तो धार बाजूला ढकलतो, चाक वाचतं, आणि मग नोझल हळूहळू बंद होते. "धावत्या बैलाला एकदम वेसण ओढून थांबवायचं नाही, आधी वाट बदलायची," असं ते म्हणाले. ह्याचं भाषांतर करताना भावाची थोडी धांदल झाली पण गाईडला समजलं, तिने वहीत लिहून घेतलं.

आकड्यांचं एक सांगायलाच हवं. दहा युनिट्स मिळून १०८ मेगावॅट, म्हणजे एकेक साधारण पावणेअकरा मेगावॅटचं. आमच्या कोयनेच्या चौथ्या टप्प्याचं एकेक मशीन २५० मेगावॅटचं आहे, अशी चार. म्हणजे तिथलं एक मशीन म्हणजे अशी दोन वेमोर्क आणि वर थोडं उरतं. मला वाटलं बाबा त्याचा अभिमान सांगतील, तर नाही. ते म्हणाले की १९११ सालाला हे करणं जास्त कठीण होतं, तेव्हा यांना विचारायला कोणी नव्हतं, आम्हाला होतं. आणि हे खरंच आहे, कारण कोयनेत चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला जे लेक टॅपिंग झालं ते मुळात नॉर्वेत मुरलेलं तंत्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, रिकामा न करता त्याच्या तळाशी खालून बोगदा नेत नेत आणायचा, शेवटचा खडकाचा बूच शिल्लक ठेवायचा, आणि मग तो स्फोटाने उडवायचा, वरचं पाणी बोगद्यात उतरतं आणि फुटलेला दगड खाली आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात जाऊन पडतो. आशियातलं पहिलंच होतं ते. त्या दिवशी अलोऱ्यात कोणाच्या घरी धड स्वयंपाक झाला नव्हता, आई सारखी दारात येऊन उभी राहत होती. २०१२ ला दुसरं झालं तेव्हा बाबा रिटायर होऊन पुण्यात आलेले, टीव्हीसमोर तसेच ताठ बसून होते.

आता ह्या हॉलबद्दल माझं एक म्हणणं. वेमोर्कला येणारे बहुतेक सगळे लोक जड पाण्याच्या गोष्टीसाठी येतात. गोष्ट थरारक आहेच, नाकारत नाही. इथे विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचे, अमोनियासाठी, खतासाठी, आणि त्याच कामात १९३४ च्या शेवटापासून जड पाणी वेगळं काढायला लागले. जड पाणी म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड प्रकारचा आहे असं पाणी, साध्यापेक्षा साधारण ११ टक्के जड. युद्धात जर्मनांनी नॉर्वे घेतल्यावर हे त्यांच्या अणुसंशोधनासाठी हवं झालं. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोन ग्लायडरमधून आलेली ब्रिटिश तुकडी कोसळून आणि पकडली जाऊन ४१ जण गेले. मग २७-२८ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री योआकिम रोन्नेबर्गच्या नेतृत्वाखाली नॉर्वेजियन पोरं बर्फातून दरीत उतरली, नदी ओलांडून पलीकडचा कडा चढली, केबल जायच्या बोळातून आत शिरली आणि जड पाण्याच्या टाक्या उडवून एकही गोळी न झाडता निघून गेली, काहीजण तिथून स्कीवर थेट स्वीडनला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये उरलेला साठा घेऊन जाणारी फेरी बोट टिन्शो तलावात बुडवली, त्यात १४ नॉर्वेजियन माणसंही गेली, साधे प्रवासी आणि बोटीवरचे लोक. जड पाण्याच्या त्या टाक्या होत्या ते तळघर काही वर्षांपूर्वी खणून काढलंय आणि आता आत जाता येतं. बघा जरूर. कडा बघितल्यावर अंगावर काटा येतो, आपल्याकडे तानाजींनी कोंढाणा घेतल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला रात्री कडा चढून जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, सिंहगड तर माझ्या गच्चीतूनही दिसतो.

पण मी बघितलं की लोक मशीन हॉलमध्ये येतात, दोन फोटो काढतात आणि घाईने तिकडे जातात. आणि मला मनापासून वाटतं की हे उलटं व्हायला हवं, कारण हे तळघर जे काही आहे ते ह्या हॉलमुळे आहे, आणि हा हॉल त्या नदीमुळे. एवढी स्वस्त आणि एवढी भरपूर वीज नसती तर पाण्यातून थेंब थेंब जड पाणी वेगळं काढणं कोणाला परवडलंच नसतं. आपल्याकडचंही बघा ना, भारताचा पहिला जड पाण्याचा कारखाना १९६२ ला नंगलला निघाला तो भाक्राच्या विजेवर आणि खत कारखान्याला जोडून, आणि आपल्या अलिबागजवळ थळलाही खताचा कारखाना आणि जड पाण्याचा प्रकल्प शेजारी शेजारीच आहेत. खत आणि जड पाणी ही जोडी इथून सुरू झालेली आहे.

खताची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त भावली. वेमोर्कची वीज दिव्यांसाठी नव्हतीच. क्रिस्टियान बिर्कलँड म्हणून शास्त्रज्ञ होते, उत्तर ध्रुवाकडच्या त्या रंगीत प्रकाशाचा अभ्यास करणारे, आणि साम आयडे म्हणून इंजिनियर. दोघांनी मिळून हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणगीत जाळून खत करायची पद्धत काढली. म्हणजे मोठ्या भट्टीत विजेची ज्वाला चुंबकाने थाळीसारखी पसरवायची, त्यातून हवा सोडायची, तीन हजार अंशांच्या आसपास तापमान, त्यातून नायट्रिक आम्ल, आणि ते चुनखडीवर टाकून कॅल्शियम नायट्रेट. नॉर्वेचं सॉल्टपीटर म्हणून ते जगभर जायचं. ह्याला वीज लागायची अफाट, आणि त्या काळी एवढी वीज लांब नेणं सोपं नव्हतं, म्हणून वीज कारखान्याकडे न नेता कारखानाच नदीकडे आणला, त्याच्यासाठी रेल्वे आणली, रेल्वेचे डबे वाहून नेणारी बोट तलावात आणली, आणि जिथे चार शेतघरं होती तिथे गाव वसवलं. म्हणजे हवा, पाणी आणि दगड, एवढ्यातून शेतकऱ्याचं पोतं भरत होतं. पुढे १९२९ पासून दुसरी पद्धत आली, ती जुनी भट्टी मागे पडली. पण युरियाचं पोतं खांद्यावरून उतरवणारा माझा पाटणचा काका आणि हा हॉल ह्यांच्यात काहीतरी नातं आहे हे मला तिथे उभं राहून कळलं, त्याआधी कधी डोक्यातही आलं नव्हतं.

संग्रहालय कामगारांचं आहे हे पण नावापुरतं नाही. रेल्वे आणि बोगदे खणणारे फिरते मजूर, त्यांच्या राहायच्या जागा, संघटना, संप, बायकांचं काम, सगळं आहे. बाबा एका जुन्या फोटोपाशी बराच वेळ होते, बोगद्याच्या तोंडाशी उभी असलेली माणसं, हातात पहारी, कोणाचीच नजर एका दिशेला नाही. "हे आपले वडारी वाटतात," म्हणाले. मग हळूच, "पोफळीचा बोगदा ज्यांनी खणला त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, आणि मी त्यातून पस्तीस वर्षं गेलो आलो."

गाव बघायला वेळ ठेवा, किमान दीड-दोन तास. र्युकान इतकं खोल दरीत आहे की सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत तिथे ऊनच पोचत नाही. खत करणाऱ्या कंपनीने, नॉर्स्क हायड्रोने, १९२८ ला लोकांना वर उन्हात जाता यावं म्हणून रोपवे बांधून दिला, क्रोसोबानन, अजून चालू आहे. आणि २०१३ मध्ये समोरच्या डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, ते सूर्याबरोबर फिरतात आणि हिवाळ्यात चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. आम्ही जूनमध्ये गेलो त्यामुळे ऊन होतंच, पण चौकातल्या बाकावर बसून वरचे आरसे बघितले. कंपनीचं गाव असल्यामुळे साहेबांची घरं वरच्या अंगाला, जिथे ऊन जास्त वेळ टिकतं, आणि कामगारांची खाली. हे मला कोणी सांगायच्या आधीच ओळखू आलं होतं. अलोऱ्यात वाढलेल्या कोणालाही येईल, क्वार्टरच्या टाइपवरून कोणाचे वडील काय आहेत हे आम्हाला पहिलीपासून पाठ होतं.

आणि आता धबधबा. ह्यासाठी वेमोर्कपासून अजून थोडं वर जायचं. र्युकानफोस्सन. त्याच्या नावाचा अर्थच धुरासारखा उसळणारा धबधबा, १०४ मीटर, एकेकाळी चित्रकार लांबून लांबून त्याची चित्रं काढायला यायचे. त्याच्यावरून गावाचं नाव पडलं. पण पाणी वरच वळवून बोगद्यात घातल्यावर धबधबा बहुतेक वेळ कोरडाच असतो, कधीमधी पाणी सोडतात तेव्हा दिसतो. आम्ही गेलो तेव्हा काळा ओला कडा आणि वरून उतरणारी एक बारीकशी रेघ. आवाज नाही. एवढ्या मोठ्या कड्यावर आवाज नसणं फार विचित्र वाटतं.

बाबांचं आजोळ शिवसागरात गेलेलं आहे. हे आम्हाला माहीत होतं पण बाबा कधी बोलत नाहीत, मामांची कुटुंबं मग कोणी रायगडात, कोणी सोलापूरकडे, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत हे तर पेपरातच येत असतं. तिथे त्या कठड्यापाशी त्यांनी भावाला विचारलं की ह्या लोकांनी कधी विरोध केला नाही का. भावाने आल्टाचं सांगितलं. पार उत्तरेला आल्टा नदीवर धरणाचा घाट घातला तेव्हा तिथले सामी लोक, रेनडियर पाळणारे, उठले, १९७९ ला ऑस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले, १९८१ ला शेकडो पोलिसांनी आंदोलकांना उचलून हलवलं. धरण झालंच, १९८७ ला केंद्र चालू झालं, पण आधी ठरलं होतं त्याहून लहान, आणि त्या लढ्यातून १९८९ ला सामींची स्वतःची संसद उभी राहिली. बाबा म्हणाले, "म्हणजे ह्यांचं मुळशी." बरोबर आहे. आपल्याकडे सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ चा, आल्टाच्या जवळजवळ साठ वर्षं आधीचा, आणि आम्ही पुणेकर दर पावसाळ्यात मुळशीच्या काठावर कणीस खायला जातो, त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावं आणि भाताची खाचरं आहेत आणि ते पाणी भिऱ्याला उतरून १९२७ पासून मुंबईसाठी वीज करतं, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत असतं. मला स्वतःला कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र नॉर्वेकडून घेण्यासारखी वाटली. १९०६ पासून त्यांनी कायदे करायला घेतले, कारण परदेशी पैसा येऊन भराभर धबधबे विकत घ्यायला लागला होता. १९०९ आणि १९१७ च्या कायद्यांत असं आलं की खाजगी कंपनीला नदीचा परवाना ठरावीक वर्षांसाठीच मिळेल, आणि मुदत संपली की धबधबा आणि त्यावरचं वीजकेंद्र दोन्ही सरकारकडे, तेही मोबदला न देता. आजही तिथली जवळपास ९० टक्के वीज पाण्यावर होते आणि त्यातली बहुतेक सार्वजनिक मालकीची आहे. भाऊ म्हणतो तिथला साधा माणूसही विजेबद्दल बोलताना नदीबद्दल बोलतो, धरणात पाणी किती आहे ह्याची चर्चा ऑफिसात जेवताना होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपण खडकवासला साखळी किती भरली ते रोज बघतो ना, तसंच, फक्त आपण नळासाठी बघतो आणि ते दिव्यासाठी.

बाकी व्यवहाराचं. तिकीट आपल्या हिशेबाने महाग, पण नॉर्वेत सगळंच महाग, आणि ज्येष्ठ, विद्यार्थी यांच्यासाठी सवलत आहे का ते विचारा. सीझनप्रमाणे वेळा बदलतात म्हणून निघण्याआधी बघून घ्या, हिवाळ्यात कमी तास उघडं असतं. पूर्ण अर्धा दिवस ठेवा, तासाभरात उरकायची जागा नाही ही. गाईडेड टूर घ्याच. आत कॅफे आहे, कॉफी आणि वॅफल मिळतात, शाकाहारी माणसाचं निभतं, पण आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि बाहेर पाइपांकडे तोंड करून बसून खाल्ली, तेच उत्तम. जॅकेट जूनमध्येही लागतं, दरीतून वारा येतो. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी पुलावर उन्हाळ्यात बंजी जंपिंग असतं, आम्ही लांबूनच बघितलं. लहान मुलं असतील तर त्यांना आधी यूट्यूबवर पेल्टनचं चाक कसं फिरतं तेवढं दाखवून न्या, मग ती हॉलमध्ये कंटाळणार नाहीत. माझा आठवीतला भाचा सगळ्यात जास्त वेळ रनरच्या, म्हणजे त्या फिरणाऱ्या चाकाच्या, वाट्यांत हाताची मूठ कशी बसली असती हेच मापत होता.

ज्यांचे आईवडील वीज मंडळात, धरणावर, पाटबंधारे खात्यात होते त्यांनी तर त्यांना घेऊनच जा, झेपत असेल तर. आणि नॉर्वे नसेल जमत तर खोपोलीला जाऊन निदान बाहेरून ते पाइप बघून या, लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाट उतरून तिथे १९१५ पासून वीज करतंय, वेमोर्कनंतर अवघ्या चार वर्षांनी. एक्स्प्रेसवेने जाताना आपण त्या डोंगराशेजारूनच तर जातो. बाबांना पुढच्या महिन्यात नेणार आहे.

माझ्याकडून पाचपैकी पाच. बाबांना विचारलं तुम्ही किती द्याल, तर ते म्हणाले हॉल फार स्वच्छ आहे, पण चालू पॉवरहाऊसला गरम तेलाचा एक वास असतो आणि पायाखालची फरशी सतत थरथरत असते, ते इथे नाही, त्यामुळे त्यांना तिथे शिफ्ट संपल्यासारखं वाटत होतं. मी त्याचे मार्क कापलेले नाहीत.

अलोरे आणि पोफळीच्या मंडळींसाठी, नोझल, डिफ्लेक्टर आणि मीटर पॅनेलचे मिळून चाळीसेक फोटो आहेत, बाबांनी प्रत्येकाला मराठीत नाव देऊन ठेवलंय, हवे असतील तर ग्रुपवर सांगा, लाईट आली की टाकते.